हरियालचा डोळा

हरियालचा डोळा मी चुकीचा रंगवला होता, तिथूनच सुरू करते.

आठेक वर्षं झाली असतील. मी धुळ्याला शाळेत चित्रकला शिकवते आणि शनिवार-रविवार पक्षी काढते. त्या वेळी एका कॉलेजच्या झूलॉजी डिपार्टमेंटमध्ये एक जुनं सागवानी कपाट होतं, त्याच्या खणांत साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पक्ष्यांच्या स्किन ठेवलेल्या होत्या. स्किन म्हणजे काचेच्या पेटीत फांदीवर बसवलेला पक्षी नव्हे. स्किन उताणी झोपवलेली असते, पंख अंगाशी मिटलेले, आतलं सगळं काढून कापूस भरलेला, डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस, पाय एकावर एक बांधलेले आणि त्या पायांना दोऱ्याने एक लेबल. तर त्या कपाटातल्या पक्ष्यांना लेबलंच नव्हती. मध्ये कधीतरी कपाटाला कसर लागली म्हणून साफसफाई झाली आणि कुणीतरी ते कळकट कागद कात्रीने कापून केरात टाकले, दोरे तेवढे पायाला राहिले. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पक्षी आहे ना समोर, मग कागद गेला तर गेला.

त्यातली हरियालची स्किन समोर ठेवून मी चित्र केलं. हरियाल आपला राज्यपक्षी, मन लावून केलं. मानेचा पिवळट हिरवा, डोक्याचा राखाडी, खांद्यावरचा तो फिका जांभळा डाग, सगळं पीस न् पीस बघून. पाय वाळून मातकट झाले होते पण ते पिवळे असतात हे माहीत होतं. डोळ्यात कापूस. मग डोळा मी तांबूस केला, पारव्याचा असतो तसा. ते चित्र गावातल्या एका प्रदर्शनात लावलं तेव्हा एक म्हातारे काका, आयुष्यभर पक्षी बघितलेले, बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, हरियाल जवळून बघितलाय का कधी?"

पुढच्याच रविवारी पहाटे त्यांनी मला गावाबाहेरच्या एका पिंपळाखाली नेलं. पिंपळ फळांनी लगडलेला, हरियाल वर पानांत इतके मिसळून गेलेले की एक फळ खाली पडलं की मग कळायचं अच्छा, तिथे आहे. काकांनी स्पॉटिंग स्कोप लावला आणि म्हणाले, डोळा बघ. निळा! बुबुळ निळं आणि त्याच्या बाहेरून गुलाबी कडी, बांगडी घातल्यासारखी. मी किती वेळ नुसती बघत राहिले. परत येताना काका म्हणाले की पक्षी मेल्यावर हे रंग सगळ्यांत आधी जातात, बुबुळ, चोच, पाय, डोळ्याभोवतीची कातडी, म्हणून नमुना गोळा करणारा माणूस तिथल्या तिथे लेबलवर किंवा वहीत लिहून ठेवतो, बुबुळ अमुक, चोच तमुक, पाय असे. तुझ्या कपाटातल्या लेबलवर बहुतेक होतंच गं ते.

त्या दिवसापासून मला पक्ष्यांच्या चित्रांपेक्षा त्या चित्रांच्या मागच्या माणसांचं वेड लागलं. चित्रकाराचं नाव कोपऱ्यात असतं, पण त्याच्यासमोर योग्य खण उघडून योग्य पक्षी काढून ठेवणारा, हा नर, ही मादी, हे पिल्लू, ह्याचा डोळा असा होता, हे सांगणारा क्युरेटर चित्रात कुठेच नसतो. अशा लोकांबद्दल वाचत वाचत मी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले पक्षी सांभाळणाऱ्या रिचर्ड बाउडलर शार्पपर्यंत पोचले आणि तिथेच अडकले. गेली चार-पाच वर्षं ह्या माणसाबद्दल मिळेल ते वाचतेय.

शार्पचा जन्म १८४७ चा, लंडनचा. वडील एक मासिक चालवायचे. मुलगा शाळा संपवून सोळाव्या वर्षी पुस्तकांच्या धंद्यात लागला, आधी एका मोठ्या पुस्तकविक्रेत्याकडे, मग दुर्मिळ पुस्तकांच्या व्यापाऱ्याकडे. म्हणजे युनिव्हर्सिटी वगैरे काही नाही. पण दुर्मिळ पुस्तकांच्या दुकानात त्या काळातले ते भलेमोठे रंगीत पक्षीग्रंथ रोज हाताखालून जात असणार, आणि मला मनापासून वाटतं की त्याची नजर तिथेच तयार झाली. मग विशीच्या आसपास तो लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीचा ग्रंथपाल झाला आणि त्याच वयात त्याने काय हाती घेतलं, तर जगातल्या सगळ्या खंड्या पक्ष्यांवर एक ग्रंथ! १८६८ ते १८७१, हप्त्याहप्त्याने निघालेला, १२० च्या आसपास हाताने रंगवलेली चित्रं. विशीतला पोरगा.

चित्रं काढली योहानेस क्युलेमन्स नावाच्या डच चित्रकाराने. हा शार्पपेक्षा चारपाच वर्षांनीच मोठा, आणि त्याला हॉलंडहून इंग्लंडला यायला तयार केलं ते शार्पनेच, १८६९ साली. क्युलेमन्स मग जन्मभर लंडनलाच राहिला आणि पुढची चाळीस वर्षं इंग्लंडमध्ये पक्ष्यांवरचं जे जे महत्त्वाचं पुस्तक निघालं त्यातल्या कितीतरी पुस्तकांत त्याचीच चित्रं आहेत. ह्या ग्रंथाची पानं आता स्कॅन होऊन कुणालाही बघायला मिळतात. मी ती मोठी करून करून बघते, विशेषतः चोच आणि डोळा यांच्यामधली जागा, कारण तिथे चित्रकाराला खरं माहीत आहे की तो ठोकून देतोय ते लगेच कळतं.

ही चित्रं बनायची कशी ते सांगते, कारण ते कळल्यावर त्यांच्याकडे बघायची पद्धतच बदलते. आपल्याकडे जुन्या पोथ्या आणि पंचांगं ज्या शिळाछापावर निघायची तेच तंत्र. गुळगुळीत घासलेल्या दगडावर चित्रकार चिकट काळ्या खडूने चित्र काढतो, तेही उलटं, कारण छापल्यावर सुलटं व्हायला पाहिजे. क्युलेमन्स दगडावर स्वतःच काढायचा. मग दगड ओला करून शाई फिरवायची, शाई फक्त खडूच्या तेलकट रेघांना धरते, आणि कागदावर काळंपांढरं चित्र उठतं. पुढे रविवर्म्यांच्या छापखान्यात रंगसुद्धा दगडावरूनच छापायचे, पण इथे तसं नाही, इथे एकेका प्रतीवर माणूस बसून ब्रशने रंग भरायचा, समोर एक नमुना चित्र ठेवून. म्हणजे एका खंड्याची निळाई शेकडो वेळा हाताने लावलेली. आता विचार करा, त्या नमुना चित्रात बुबुळाचा रंग चुकला तर तो शेकडो वेळा चुकणार, आणि जगभरातले लोक तेच खरं मानणार. ते चुकू नये म्हणून कुणीतरी स्किन आणि लेबल घेऊन चित्रकाराच्या शेजारी उभं राहायला लागतं.

इथे खंड्यांबद्दल एक गंमत सांगायची राहिली. खंड्याच्या पाठीचा निळा हा रंगद्रव्याचा रंग नाहीच, पिसाच्या आतल्या बारीक रचनेतून उजेड फुटून तो दिसतो. त्यामुळे खणात शंभर-सव्वाशे वर्षं पडलेल्या खंड्याची स्किन खिडकीपाशी नेली तर निळा तसाच झळकतो, कालच मारल्यासारखा. पण चोच? जिवंतपणी लालभडक असलेली चोच वाळून विटकरी-तपकिरी होते. एकाच पक्ष्यात एक रंग टिकलेला, दुसरा गेलेला, आणि गेलेला कोणता हे फक्त कागदाला माहीत.

तर शार्प. १८७२ साली, पंचविशीही पूर्ण नव्हती, ब्रिटिश म्युझियममधला पक्षीसंग्रह त्याच्या हाती आला आणि १९०९ साली ख्रिसमसच्या दिवशी न्यूमोनियाने जाईपर्यंत तो तिथेच होता. सदतीस वर्षं एकाच खुर्चीत. आला तेव्हा संग्रहात पक्षी होते साधारण ३५ हजार, गेला तेव्हा जवळजवळ पाच लाख. सगळ्यांचा सूचिग्रंथ काढायला घेतला, १८७४ पासून १८९८ पर्यंत त्याचे २७ खंड निघाले, त्यातले जवळजवळ निम्मे त्याने लिहिले. प्रत्येक खंडात एकेका जातीचं वर्णन, लांबी, पंखाचं माप, कोणत्या नमुन्यावरून, कुणी आणला, कुठून. काही जणांना हे रटाळ वाटेल. मला नाही वाटत. ते उघडून वाचताना मला आमच्या आजोबांची जमाखर्चाची वही आठवते, तीत पण एक आणा कुठे गेला हे कळायचं.

आणि त्याच माणसाला चित्रांच्या पुस्तकांची ओढ आयुष्यभर सुटली नाही. जॉन गूल्डचं नाव ऐकलं असेल, पक्षीचित्रांच्या ग्रंथांतला सगळ्यांत मोठा माणूस. तोसुद्धा मुळात म्युझियमवालाच, पक्ष्यांत कापूस भरणारा, १८२७ साली झूलॉजिकल सोसायटीच्या म्युझियमचा पहिला क्युरेटर. त्याच्या हाती हिमालयातल्या पक्ष्यांच्या स्किनचा एक संग्रह आला आणि त्यावरून १८३०च्या सुरुवातीला त्याचा पहिला ग्रंथ निघाला, चित्रं दगडावर उतरवली त्याच्या बायकोने, एलिझाबेथने. हिमालयातल्या एका देखण्या सूर्यपक्ष्याला तिचं नाव आहे ते म्हणूनच. गूल्ड १८८१ मध्ये गेला तेव्हा त्याचे ग्रंथ अर्धवट होते. आशियातल्या पक्ष्यांवरचा तर १८५० पासून चालू होता! तो शार्पने १८८३ मध्ये पूर्ण करून दिला, न्यू गिनीच्या पक्ष्यांवरचाही पूर्ण केला, आणि मग गूल्डच्या सगळ्या ग्रंथांची एक सूची केली. दुसऱ्याच्या अपुऱ्या कामाला हात लावणं किती अवघड असतं हे ज्याने कुणाचं चित्र पुरं करून दिलंय त्यालाच कळेल. नाव गूल्डचंच राहिलं, राहायलाच हवं होतं, पण मजकुराच्या पानांवर शार्पचे कष्ट आहेत.

आता माझ्या सगळ्यांत आवडत्या गोष्टीकडे येते, १८८५ साल.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण शाळेत काँग्रेसचे संस्थापक म्हणून पाठ केलेलं. पण त्याच्या आधी हा माणूस भारतातल्या पक्ष्यांचा सगळ्यांत मोठा जाणकार होता. सिमल्याला जाखू टेकडीवर त्याचा रॉथनी कासल नावाचा बंगला, तिथे खाजगी म्युझियम, देशभर नेमलेली माणसं स्किन पाठवतायत, लेबलं लावतायत, आणि हा सगळ्यावरून भारतातल्या पक्ष्यांचा मोठा ग्रंथ लिहिणार. मग काय झालं, तो सिमल्याला नसताना एका नोकराने म्युझियममध्ये शिरून हस्तलिखितं चोरली आणि रद्दीच्या भावाने विकली. सुमारे ७०० जातींचे कच्चे-पक्के जीवनवृत्तांत त्यात होते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते कॉलेजचं कपाट आणि पायांना लटकणारे ते नुसते दोरे आठवले आणि खरंच गळा दाटून आला. ह्यूमचं मन त्या कामातून उठलं आणि त्याने संग्रह ब्रिटिश म्युझियमला द्यायचं ठरवलं.

पण त्याच्या अटी होत्या. एक अट अशी की शार्पने स्वतः येऊन संग्रह बघायचा आणि स्वतः बांधाबांध करायची. आणि दुसरी मला फार आवडते, की ह्या संग्रहाने शार्पवरचं काम वाढणार, तर त्याचा हुद्दा आणि पगार वाढवा. म्युझियमला काही त्या अटी झेपेनात, पत्रापत्री चालत राहिली, आणि इकडे सिमल्यात किडे स्किन खात होते. जवळजवळ २० हजार नमुने खराब होऊन नष्ट करावे लागले. तेव्हा शार्पनेच आरडाओरडा केला आणि १८८५ मध्ये त्याला भारतात पाठवलं.

सिमल्याला देवदाराच्या लाकडाच्या ४७ पेट्या जागेवरच बनवून घेतल्या, आणि त्यात एकही खिळा नाही, कारण खिळ्याचं टोक आत आलं तर पक्षी फाटेल. एकेक पेटी अर्ध्या टनाची. त्या डोंगर उतरवून बैलगाड्यांनी काल्क्याला आणि शेवटी मुंबई बंदरात. एकूण ८२ हजार नमुने, स्किन, अंडी, घरटी सगळं धरून, त्यातले ७५,५७७ म्युझियममध्ये दाखल झाले. आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी मुंबईतच गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. एकाच माणसाचं आधीचं आयुष्य देवदाराच्या पेट्यांत बंद होऊन ज्या गावाच्या बंदरातून गेलं, त्याच गावात त्याचं पुढचं सुरू झालं. मुंबईला गेले की बंदराच्या बाजूने जाताना माझ्या डोळ्यांसमोर त्या पेट्या येतात, आणि त्यांच्याबरोबर जाणारा तो सदतीस वर्षांचा क्युरेटर.

एवढे पक्षी मारले ह्याचं काय, असं माझ्या मुलीने विचारलं होतं. मलाही ते टोचतं. आज कुणी असं करू नये, करूही देत नाहीत. पण जे मारले गेले त्यांचं किमान नीट ऐकून तरी घ्यावं असं मला वाटतं, आणि ऐकून घेणं म्हणजे त्यांच्या पायातला कागद सांभाळणं. त्याचं किती मोल असतं ते आमच्या खानदेशातच दिसलं.

१८७२ मध्ये आत्ताच्या छत्तीसगडमध्ये ब्लूविट नावाच्या एकाने एक छोटं घुबड मारून ह्यूमकडे पाठवलं आणि ह्यूमने १८७३ मध्ये त्याला नाव दिलं. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. पुढे १८८० च्या दशकात डेव्हिडसन नावाच्या साहेबाने खानदेशात आणखी काही मिळवले. मग शंभर वर्षं काही नाही. जगभरातल्या म्युझियममध्ये मिळून ह्या पक्ष्याच्या सात स्किन. त्यातली एक कर्नल माइनर्ट्झहागनची, लेबलवर १९१४, गुजरातमधलं मांडवी. पामेला रासमुसेन ही अमेरिकन संशोधक, ती पण म्युझियमचीच बाई, स्किन हातात घेऊन उलटसुलट करून बघणारी, तिला ह्या स्किनबद्दल शंका आली. एक्सरे काढून, आतलं भरण आणि शिवण तपासून तिने आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हा पक्षी डेव्हिडसननेच खानदेशात मिळवलेला, म्युझियममधून चोरलेला, पुन्हा भरून त्याला खोटं लेबल बांधलेलं. कागद खोटा बोलत होता, पण टाक्यांवरून कुणाचा हात आहे ते कळलं.

खोटं ठिकाण बाजूला केल्यावर शोधायचं कुठे ते नीट उमगलं, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ भर सकाळी एका झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! शहादा म्हणजे माझं आजोळ तिथून तासाभरावर. आमच्या मामांनी तर ऐकून साधं विचारलं, अगं पिंगळा का, तो तर असतोच की. तेवढं त्यांचं बरोबरही असेल, पण तो कोणता पिंगळा हे ठरवायला सात मेलेले पक्षी आणि त्यांचे कागद लागले.

शार्पच्या म्युझियममधला तो पक्षीसंग्रह आता लंडनबाहेर ट्रिंगला आहे, साडेसात लाखांच्या आसपास स्किन. मला एकदा तिथे जायचंय. पैसे साठवतेय. ह्यूमच्या पेट्यांतून गेलेला एखादा खण उघडून बघायचाय आणि जमलं तर तिथे बसून एकच पक्षी काढायचाय, हरियाल.

सध्या बोर्डवर रानपिंगळा आहे. तोरणमाळच्या रस्त्याला दोन पहाटे घालवल्यावर मागच्या हिवाळ्यात एक दिसला, उन्हात बसलेला, शेपूट इकडून तिकडे हलवत. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, ह्याचं डोकं जवळजवळ कोरं, चोच दणकट, पोट पांढरं, पाय पिसांनी भरलेले, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. डोळ्याचा पिवळा मी तिथेच, गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून, तीन वेळा मिसळून पट्ट्या काढून घेतल्या, तिसरा जमला. चित्र अजून पुरं नाही, पंखांचं बरंच काम बाकी आहे. पण कागद उलटा करून मागे पेन्सिलने आधीच लिहून ठेवलंय: रानपिंगळा, तोरणमाळ रस्ता, सकाळी साडेसात, ऊन. नर की मादी कळलं नाही. बुबुळ पिवळं, पट्टी क्रमांक तीन.